गप्पांचं दप्तर कुणाच्या घरी?

भारतात नागरिकाच्या खासगीपणाची गोष्ट निघाली की जबलपूरचं नाव घ्यावंच लागतं. आणीबाणीत 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली लोकांना पकडलं गेलं, त्यांच्या सुटकेसाठी उच्च न्यायालयांत अर्ज झाले, आणि त्या अर्जांवरचा सर्वोच्च न्यायालयातला खटला 'एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल' या नावानं ओळखला गेला. 28 एप्रिल 1976 रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं की आणीबाणी असेपर्यंत अशा कैद्याला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. चाळीस वर्षं उलटून गेल्यावर, 24 ऑगस्ट 2017 रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं मान्य केलं, आणि त्याच निकालपत्रात यशवंतरावांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी जबलपूरचा तो निकाल चुकीचा होता असं लिहून तो मोडीत काढला.

माझी ताई याच जबलपूर शहरात, उच्च न्यायालयात वकिली करते. दादा पुण्यात गप्पांचं, म्हणजे चॅटचं, सॉफ्टवेअर लिहितो. दिवाळीत दोघं राइट टाउनच्या घरी एकत्र आले आणि एका सेटिंगवरून जुंपली. आपल्या गप्पांची नोंद कुठे साठवायची हे वापरणाऱ्यानं ठरवावं की सॉफ्टवेअरनं? दादाच्या गटापुढे हा प्रश्न खरोखरच निर्णयासाठी आला होता. दोघांच्या परवानगीनं तो वाद इथे देते आहे. मध्ये मध्ये माझंही बोलणं आहे, कारण यात माझीही एक बाजू आहे.

दादा: ताई, मागणी ऐकायला साधी आहे. सेटिंगमध्ये एक ओळ घालायची, 'गप्पा इथे साठवा', आणि समोर फोल्डर निवडायचं बटण. लोक हे फार वर्षांपासून मागतात. पिजिन नावाचा चॅट प्रोग्राम होता, त्याच्या नोंदी 'पर्पल' नावाच्या एका लपलेल्या फोल्डरात जायच्या. कुणाला त्या डी ड्राइव्हवर हव्या असत, कुणाला पेनड्राइव्हवर. नुसत्या नोंदींची जागा बदलायचं बटण त्यात नव्हतंच. हलवायचं तर सगळं प्रोफाइल हलवा. एमआयआरसी या दुसऱ्या चॅट प्रोग्रामात मात्र नोंदींचं फोल्डर बदलता यायचं. म्हणजे करता येतं. तरी मी 'नको' म्हणणाऱ्यांतला आहे.

ताई: कारण?

दादा: मोडतं. गप्पांची नोंद आता साध्या मजकुराच्या फाइलीत नसते, डेटाबेसमध्ये असते. तो डेटाबेस कुणी ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवर ठेवला आणि दोन संगणक एकाच वेळी त्यात लिहायला लागले की फाइल खराब होते. कुणी मेमरी कार्डावर ठेवतो आणि फोन चालू असतानाच कार्ड काढतो. मग पाच वर्षांच्या गप्पा गेल्या म्हणून रडत आमच्याकडे येतो. त्यात मेलेल्या आईचे व्हॉइस मेसेज असतात, ताई. जागा त्यानं निवडली हे खरं, पण परिणाम काय होईल हे आम्हाला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. माहीत असूनही त्याच्या हातात ते बटण देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

ताई: माझ्याकडचा एक माणूस सांगते. फरशी बसवायचे ठेके घेतो. लेखी करार कधीच नाही. दर, मोजमाप, 'हो करा काम', 'पैसे सोमवारी', सगळं व्हॉट्सॲपवर. पैसे बुडाले, दावा लावायचा ठरला, आणि तेवढ्यात फोन पाण्यात गेला. मी म्हटलं, बॅकअप असेल. त्याला बॅकअप म्हणजे काय ते माहीत नव्हतं. शोध घेतला तेव्हा कळलं की फोन घेतला त्या दुकानातल्या मुलानं जीमेलचं खातं स्वतःच काढून दिलं होतं. नाव काय टाकलं, पासवर्ड काय ठेवला, ना त्या मुलाला आठवत होतं ना याला. गप्पा कुठल्याशा सर्व्हरवर सुखरूप होत्या, आणि त्यांच्या मालकाला तिथे जायचा रस्ता नव्हता. समोरच्या पार्टीच्या फोनमध्ये मात्र त्याच गप्पा होत्या, हव्या तेवढ्याच दाखवायला. तू म्हणतोस ती सुरक्षित जागा होती ना ही?

दादा: त्याला विचारलं असतं तर त्यानं काय केलं असतं? 'पुढे जा' दाबलं असतं. दुकानातल्या मुलानंच दाबलं असतं.

ताई: विचारण्याचीही रीत असते. इंग्रजीत, बारीक अक्षरांत, खातं उघडायच्या घाईत विचारलंत तर कुणीही 'पुढे जा'च दाबेल.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण दुकानातल्या मुलाचं खातं ही एकट्या त्या ठेकेदाराची गोष्ट नाही. आपल्या आईवडिलांच्या फोनमधलं जीमेल कुणी काढलं, हे घरोघरी विचारून पाहावं. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत ठेवतं, आणि सांगितलं तर गूगल ड्राइव्हवर एक पाठवतं, आयफोनवर आयक्लाउडवर. ऑनलाइन प्रतीसाठी तिसरी जागा निवडायची सोय नाही. ड्राइव्हवरची ही प्रत पूर्वी फुकट राहायची. 2024 पासून ती खात्याच्या 15 जीबीत मोजली जाऊ लागली. म्हणजे जागाही त्यांनी ठरवली आणि जागेचे नियमही त्यांनीच बदलले. सणासुदीच्या शुभेच्छांच्या चित्रांनी खातं भरलं की बॅकअप थांबतो, आणि थांबल्याची सूचना कुणी वाचत नाही.

दादा: मान्य. पण तू 'जागा' हा एकच शब्द वापरतेस आणि त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतेस. कुठलं फोल्डर, कुठली कंपनी आणि कुठला देश. फोल्डर हा सोयीचा भाग. कंपनी हा विश्वासाचा. देश हा सरकारचा. रिझर्व्ह बँकेनं 6 एप्रिल 2018 ला सांगितलं की पैशाच्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवा; तिथे ग्राहकाला कुणी विचारलं?

ताई: नाहीच विचारलं, आणि तिथे ते चालतं, कारण त्या नोंदींवर देखरेख ठेवणं रिझर्व्ह बँकेचं काम आहे. त्याच वर्षी, माहितीच्या संरक्षणाचा कायदा सुचवायला नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीनं सगळ्याच वैयक्तिक माहितीची एक प्रत देशात ठेवा असं सुचवलं होतं. 2023 च्या कायद्यात ते आलं नाही; सरकार ज्या देशांना मनाई करील ते सोडून कुठेही पाठवा, असं आलं. पण बघ, दोन्ही वेळा ठरवणारं सरकारच. माझी गप्पा मारायची वही कुठे राहील, हे ठरवणाऱ्यांत मी कुठेच नाही.

दादा: असून तरी काय फरक पडेल?

ताई: फरक कुठे पडतो ते सांगते. पोलिसांना माझे कागद हवेत. ते माझ्या घरी असतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली मला लेखी हुकूम देतील, नाहीतर झडती घेतील. झडती घेतली तर पंच आणावे लागतील, यादी करावी लागेल, आणि कलम 105 आल्यापासून सगळ्याचं चित्रीकरण करावं लागेल. मला कळेल. कळलं की मी वकील गाठीन, न्यायालयात जाईन. तेच कागद कंपनीकडे असतील तर हुकूम कंपनीला जाईल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली हुकूम निघाला तर कंपनीनं त्याबद्दल तोंड बंद ठेवायचं, असं 2009 चे नियमच सांगतात. मला कळणारच नाही. कळलंच नाही तर हरकत कशाला घेऊ? म्हणून सांगते, नोंद कुठे ठेवायची हे ठरवणं म्हणजे उद्या कुणी ती मागायला आलं तर कुणाचं दार वाजेल, हे ठरवणं. एवढं मोठं ठरवायचं आणि तू त्याला फोल्डरचं बटण म्हणतोस.

दादा थोडा वेळ गप्प होता. माझ्या मते ताईचा हा मुद्दा सगळ्या वादाचा कणा आहे, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या बैठकीत तो निघतच नाही, कारण तिथे जागा म्हणजे डिस्कवरची जागा. दादानं दिलेलं उत्तरही तितकंच वजनदार होतं.

दादा: दार वाजतं तेव्हा प्रत्यक्षात काय होतं ते तूच मला सांगितलं आहेस. तुझे पोलीस एक संभाषण मागायला येतात आणि सगळा फोन घेऊन जातात. बायकोचे फोटो, मुलीच्या शाळेचा ग्रुप, बँक, सगळं. महिनोन्‌महिने परत नाही. कंपनीकडे मागितलं असतं तर निदान अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, एवढंच गेलं असतं. आणि दार नेहमी पोलिसच वाजवतात असं नाही. तुझ्याकडे कौटुंबिक न्यायालयातल्या बायका येतात. त्यांच्या गप्पांची नोंद घरातल्या संगणकावर, 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये उघडी पडली, तर ती पहिल्यांदा कोण वाचणार? ज्याच्यापासून तिला जीव वाचवायचा आहे तोच. तिच्यासाठी घर ही सगळ्यात वाईट जागा आहे.

ताई: अगदी खरं आहे.

दादा: मग?

ताई: मग म्हणूनच तिला निवडू दे. त्या बाईनं घराबाहेर, पासवर्डाच्या आड ठेवावं. त्या ठेकेदारानं स्वतःच्या संगणकावर ठेवावं आणि एक प्रत मुलाकडे द्यावी. इथल्या खमरियाच्या किंवा गन कॅरेजच्या संरक्षण कारखान्यात काम करणारा कदाचित म्हणेल, नोंदच नको. तुम्ही या तिघांसाठी पुण्यात बसून एक जागा ठरवणार. कुठल्या आधारावर?

दादा: बहुतेकांचं भलं होईल या आधारावर. 22 मे 1997 विसरलीस? पहाटे इथे जबलपुरात भूकंप झाला, कोसमघाटात घरं कोसळली. ज्यांचे कागद घरातच होते त्यांचं काय झालं? घरातली एकुलती एक प्रत म्हणजे नसल्यासारखीच. इतिहासाचं बघ. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड काढला आणि मग आयुष्यभर घराघरांतली दप्तरं शोधत फिरले. किती ठिकाणी वाळवीनं खाल्लेलं मिळालं, किती ठिकाणी रद्दीत गेलेलं! लोकांनी आपापली जागा निवडली होती, माळ्यावरची. ती चुकली.

ताई: आणि जे माळ्यावर नव्हतं, सरकारच्या ताब्यात नीट रचून ठेवलं होतं, त्या पुण्याच्या पेशवे दप्तराचं काय? वाळवी लागली नसेल, पण अभ्यासकांना तिथे शिरायला किती वर्षं धडपडावं लागलं. इतिहासकार सरदेसायांच्या हातून निवडक कागदांचे 45 खंड निघाले ते 1930 पासून पुढे. पेशवाई बुडून शंभरावर वर्षं झाली होती. कागद जपले जाणं आणि कागद आपल्याला मिळणं, दोन्ही हवं ना?

राजवाड्यांचं उदाहरण दोघांच्याही बाजूनं वळतं, आणि मला तर त्यात तिसरंच दिसतं. राजवाड्यांना जे मिळालं ते वेगवेगळ्या घरांनी वेगवेगळ्या जागी ठेवलं होतं म्हणून मिळालं. एका घरचं जळलं तरी दुसऱ्या घरी उत्तराचा कागद असे. सगळ्यांच्या गप्पा दोन-तीन कंपन्यांच्या गोदामांत असतील, तर एका नियमाच्या बदलानं एका पिढीचा पत्रव्यवहार पुसला जाऊ शकतो. याची मला मनापासून भीती वाटते.

ताईनं मग पुराव्याचा विषय काढला. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. जुन्या कायद्यातल्या 65-बीच्या जागी कलम 63 आलं. आता इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. पहिला भाग ज्याच्या ताब्यात ते उपकरण आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हींत फाइलीचं हॅश मूल्य लिहायचं. हॅश म्हणजे फाइलीतल्या सगळ्या मजकुरावरून काढलेला एक लांबलचक आकडा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तो बदलतो. प्रमाणपत्राशिवाय चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरच्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात ठणकावलं होतं. तिथे वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा होता.

ताई: प्रमाणपत्रात पहिला प्रश्न काय असतो? ही नोंद कुठल्या उपकरणातून काढली, ते कुणाच्या ताब्यात होतं. माझ्या अशिलाला आपली नोंद कुठे आहे हेच माहीत नसेल तर तो सही कशावर करणार?

दादा: पण स्वतःच्या फोल्डरात ठेवलेली साधी फाइल कुणीही नोटपॅडमध्ये उघडून बदलेल. आमच्याकडे ती बदलता येत नाही. पुराव्याचं म्हणशील तर माझी जागा जास्त भरवशाची.

ताई: ठेवतानाच हॅश काढा आणि तेवढा आकडा तुमच्याकडे जपा. मजकूर माझ्याकडे, आकडा तुमच्याकडे. मी बदललं तर पकडली जाईन, आणि तुम्हाला माझ्या गप्पा वाचायची गरजच उरणार नाही.

दादाला हे आवडलं. त्यानं फोनमध्ये टिपून घेतलं. वादात पहिल्यांदाच तो 'करता येईल' असं म्हणाला, आणि मग स्वतःहूनच सिग्नल या चॅट ॲपकडे वळला.

दादा: तुझ्या बाजूचं सगळ्यात चांगलं उदाहरण सिग्नल. अँड्रॉइडवर बॅकअपचं फोल्डर तुम्ही निवडायचं, 30 आकडी किल्ली तुम्ही जपायची, त्यांच्याकडे काही नाही. तत्त्व चोख. पण कित्येक वर्षं लोकांच्या गप्पा फोनबरोबर बुडत राहिल्या. आयफोनवर तर तेवढीही सोय नव्हती, जुना फोन हातात असेल तरच नव्यावर नेता येई. शेवटी सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनीही आपल्या सर्व्हरवरचा बॅकअप आणलाच.

ताई: सक्तीचा?

दादा: नाही. हवा असेल तर चालू करायचा. कुलूपबंद, किल्ली वापरणाऱ्याकडेच.

ताई: मग तो माझ्याच बाजूनं आला.

दादा: किल्ली हरवली तर सगळं गेलं, ताई. व्हॉट्सॲपनंही 2021 पासून बॅकअपला कुलूप लावायची सोय दिली आहे, 64 आकडी किल्ली किंवा पासवर्ड. पण ते आपणहून चालू करावं लागतं. तुझ्या ओळखीतल्या किती जणांनी केलंय?

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी केलेलं नव्हतं, तिनंही नाही. 2020 च्या सप्टेंबरात मुंबईतल्या अमली पदार्थांच्या चौकशीच्या वेळी नटनट्यांच्या जुन्या गप्पा वाहिन्यांवर वाचून दाखवल्या जात होत्या, तेव्हा आम्ही दोघी 'असं कसं बाहेर येतं' म्हणून हळहळलो होतो. जाणारा संदेश वाटेत कुलूपबंद असतो. पोहोचल्यावर त्याची जी प्रत पडून राहते तिच्या कुलपाचा प्रश्न वेगळा, हे तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं.

माझं मत दादाच्या 'किती जणांनी केलंय' या प्रश्नापाशी पक्कं झालं. काहीच न निवडणाऱ्यासाठी सॉफ्टवेअरनं एक सुरक्षित, कुलूपबंद जागा ठरवून ठेवलीच पाहिजे, कारण बहुतेक जण तिथेच राहणार. इथे दादा बरोबर आहे. पण ती ठरवून ठेवली म्हणून बाकीची दारं बंद करायचा अधिकार त्याला मिळत नाही. जो निवडू इच्छितो त्याला निवडता आलं पाहिजे, आणि जो निवडत नाही त्याला निदान आपली नोंद कुठे आहे, हे त्याच्या भाषेत एका ओळीत वाचता आलं पाहिजे.

शेवटचा पेच मात्र मी घातला. गप्पा दोघांच्या असतात. ताईनं आपली प्रत कुठे ठेवायची ते निवडलं, पण त्या प्रतीत माझीही वाक्यं आहेत. मला विचारलं कुणी?

दादा: यावर उत्तर अर्धंच आहे. एप्रिल 2025 पासून व्हॉट्सॲपमध्ये एखाद्या गप्पेसाठी 'बाहेर काढायला मनाई' लावता येते. मग समोरचा ती निर्यात करू शकत नाही. पण तो स्क्रीनशॉट काढू शकतो, दुसऱ्या फोननं फोटो घेऊ शकतो.

ताई: पत्र लिहिलं की कागद ज्याला लिहिलं त्याचा होतो. पूर्वीही तसंच होतं. पण निदान दिसू तरी दे. समोरच्यानं नोंद बाहेर ठेवली आहे, एवढी खूण गप्पेच्या वर येऊ दे. मग काय लिहायचं ते मी ठरवीन.

दादा: खूण येऊ शकेल. खोटी ठरू शकते, समोरच्यानं ॲपच बदललं असेल तर.

ताई: ठीक आहे. आणि आणखी एक. कौटुंबिक न्यायालयातल्या त्या बाईला रात्रीतून जागा बदलावी लागली, तर जुन्या जागेवरची प्रत पुसली गेली पाहिजे.

दादा: पुसायला सांगता येईल. खरोखर पुसली गेली याची हमी नाही. फोनच्या मेमरीत आणि जुन्या बॅकअपात तुकडे राहतात.

ताई: मग तसंच लिही. त्या बटणाच्या खालीच, मराठीत आणि हिंदीत, की जुन्या जागी काही शिल्लक राहू शकतं. ते वाचून ती ठरवेल की फोन घरात ठेवायचा की माझ्याकडे आणून द्यायचा.